काळ्या टोपीतली पहिली धार

१९५८ साली मी बत्तीस वर्षांचा होतो. बंगळुरात आमच्या गोठ्यात एकच गाय, घर तिच्यावर चालायचं, आणि तिचं दूध आटत चाललं होतं. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "पहिली धार काळ्या कापडावर काढा. गुठळ्या दिसल्या तर कासेला रोग समजा."

"पहिली धार धरणीमातेची," मी ठणकावलं. "वाडवडलांपासून चालत आलंय. कापडावर पडायची नाही!"

"धरणी स्वल्प थांबेल रे, कास थांबायची नाही," म्हणत थोरल्या अक्कानं माझ्या डोक्यावरची काळी टोपी उचलली, माथा दाबून खोलगट केली आणि एकेका सडाची धार तिच्यात मारली. शेवटच्या सडातून पांढऱ्या गुठळ्या आल्या. डॉक्टरांनी त्याच सडात औषध सोडलं.

टोपी कितीही धुतली तरी गल्लीतली मांजरं माझ्या मागं फिरायची, आणि माणसं हसायची. मग एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "कास साफ झाली!" अक्कानं अख्ख्या गल्लीला खीर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच पहिली धार टोपीत काढली, नीट न्याहाळली आणि मग धरणीला वाहिली. टोपी तशीच ओली डोक्यावर चढवली.