नळीवरचा शिक्का

सांगलीत परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारा एकजण माझ्या ओळखीचा आहे. बोलताना तो गिऱ्हाइकाकडे नाही, बंदुकीच्या नळीकडे बघतो. परवा मी त्याच्या दुकानात बसलो असताना जतकडचे एक पुढारी आले. त्यांनी आधी स्वतःच्या सत्काराचे फोटो दाखवले, मग रायफल. मोठं काडतूस बसावं म्हणून तिची नळी त्यांनी दुसरीकडून आतून रुंद करून आणली होती. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला पहिला बार थोरला मुलगा काढणार होता. इथं फक्त चाप हलका करून हवा होता.

"आधी नळी बार सोसती का, ती चाचणी परत करून आणा," हा म्हणाला.

"आवं, चाचणीचा शिक्का हाय की तिच्यावर! परत करा म्हणून कायद्यात कुठं लिवलंय?"

"कायदा वकिलाला इचारा, सायेब. शिक्का मारला तवा नळी जाड हुती."

"लय भितोस गड्या."

त्यानं रायफल उचलून त्यांच्या हातात दिली. "मग मागच्या अंगणात तुमीच एक बार काढा. मी भिंतीआड हुबा ऱ्हातो."

पुढाऱ्यांनी रायफल कापडात गुंडाळली. "ऱ्हाऊ दे. दसऱ्याला पोरगंच उडवंल," म्हणाले आणि गेले.

आम्ही दोघांनीही त्यांना अडवलं नाही.