तुरुहिरा आत्यानं गाणं लावलं

न्यूझीलंडमधल्या वाइरोआच्या मराएत, म्हणजे माओरी लोकांच्या गावच्या सभाघरी, भाषणं ठोकायची पुरुषांनी आणि ती थांबवायची बायकांनी, असा रिवाज आहे. बोलणारा वाहवत गेला, थापा मारायला लागला, की एखादी बाई उठते आणि गाणं लावते. गाणं झालं की भाषण संपलं. मग तो केवढाही मोठा असो, त्यानं मुकाट्यानं खाली बसायचं. तुरुहिरा आत्यानं असे कित्येक बसवले होते, त्यांत तिचा सख्खा नवराही होता.

तिची भाची रिपेका वेलिंग्टनला एका कंपनीत होती. गावोगावच्या दवाखान्यांच्या नोंदी ही कंपनी सांभाळायची. पूर्वी सर्व्हर बंद पडला की चार माणसं रात्रंदिवस राबून तो हातानं पुन्हा उभा करायची. रिपेकानं दोन वर्षं डोकं घालून सगळं कोडमध्ये लिहून काढलं. काय हवं, कुठे हवं, कशानंतर काय, सगळं. एक हुकूम दिला की क्लाउडमध्ये, म्हणजे दुसऱ्या देशातल्या यंत्रांवर, सगळा डोलारा आपोआप उभा. तिचा साहेब ब्रेन्डन तेव्हा म्हणायचा, कशाला नसते उद्योग करतेस.

मग तिचा बाप गेला. मयत मराएत ठेवली होती आणि रिपेका रिवाजाप्रमाणे शवपेटीला टेकून बसली होती. पोटच्या पोरीनं तिथून हलायचं नसतं. नेमक्या त्याच दिवशी वेलिंग्टनच्या मशीनघरात पाणी शिरलं आणि दवाखाने आंधळे झाले. कुणाला कसलं औषध चालत नाही, कुणाला काल काय टोचलंय, डॉक्टरांना काही दिसेना. ब्रेन्डनचा फोन लागत नव्हता. रिपेका उठली. स्वयंपाकघरात डुकराची हाडं आणि पाला रटरटत होता, त्या पातेल्याशेजारी लॅपटॉप ठेवून तिनं हुकूम दिला. सिडनीतली यंत्रं एकेक करून जागी होईपर्यंत ती तिथंच खिळून राहिली. भिंतीपलीकडे बापाला निरोपाचं गाणं चालू होतं. ते तिनं पातेल्यांच्या वाफेत ऐकलं. चुलीपाशी उभ्या असलेल्या आत्यानं तिला पाहिलं, पण हाक मारली नाही.

ही सगळी कहाणी, कोडसकट, रिपेकानं ऑकलंडच्या आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान परिषदेला लिहून पाठवली. निवडली गेली. आणि ब्रेन्डननं तिला केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं की परदेशी मंडळी येणार, तिथं जरा वजनदार माणूस उभा राहिलेला बरा, तेव्हा भाषण तो करेल. तिनं सुरुवातीला माओरीत छानसं स्वागत करावं, लोकांना आवडतं ते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. रिपेकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण घराचे हप्ते चालू होते. ती हो म्हणाली आणि महिनाभर स्वतःवरच चरफडत राहिली.

स्वागत करणाऱ्यानं एकट्यानं उभं राहायचं नसतं, मागे गाणारं आपलं माणूस लागतं. म्हणून आत्या दोन सुनांना व्हॅनमध्ये घालून वाइरोआहून आली. स्वागत झालं, गाणं झालं, टाळ्या झाल्या. आत्या पहिल्या रांगेत बसली आणि ब्रेन्डन बोलायला उभा राहिला.

"मी हे बांधलं," इथपासून त्यानं सुरुवात केली. रिपेका दात आवळून ऐकत होती. ते तिनं गृहीतच धरलं होतं. पण पुढे तो पाण्याच्या दिवसावर आला. म्हणाला, "त्या दिवशी मी मित्राकडे पार्टीला होतो. एका हातात बिअर, दुसऱ्या हातानं हुकूम दिला आणि आख्खी यंत्रणा उभी. मांस करपलं तेवढं!"

सभागृह खळखळून हसलं.

आत्या उठली. तिनं सूर लावला तसं तिच्या दोन्ही सुना उभ्या राहिल्या. ब्रेन्डन अर्ध्या वाक्यात थांबला. इथल्या लोकांना काय झालं ते कळलं आणि त्यांनी माना खाली घातल्या. परदेशी पाहुण्यांनी मात्र फोन वर धरून ते टिपून घेतलं. गाणं संपल्यावर ब्रेन्डननं छातीवर हात ठेवून "किती सुंदर भेट," म्हणत आभार मानले आणि पुन्हा बोलायला लागला. त्या मेल्याला वाटलं, आपला सत्कारच झाला.

रिपेका मंचावर चढली ती पाय आपटतच. हप्ते, नोकरी, सगळं गेलं खड्ड्यात. माईक तिनं त्याच्या हातातून काढून घेतला.

"ही भेट नव्हती. आमच्यात माणूस खोटं बोलायला लागला की बायका गाणं लावतात. गाणं झालं की त्यानं बसायचं असतं. ब्रेन्डन, बस."

तो हसून लोकांकडे पाहत राहिला. कुणी हसलं नाही. तेव्हा तो बसला.

"ती पार्टी नव्हती. माझ्या बापाची मयत होती. हुकूम मी दिला होता."

मग तिनं स्वतःचं भाषण केलं. चांगलं केलं असं कसं म्हणू? पडद्यावरची चित्रं मागेपुढे झाली, सगळ्यात अवघड भाग तर ती रागाच्या भरात विसरूनच गेली. पण यंत्रणा पाडून पुन्हा कशी उभी करायची ते तिनं तिथंच सगळ्यांदेखत करून दाखवलं, आणि लोक खुर्चीच्या कडेला सरकून पाहत होते. संपल्यावर टाळ्या झाल्या. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. मराएत खरं बोलणाऱ्याच्याही शब्दांवर शेवटी आपल्या माणसाचं गाणं पडल्याशिवाय ते पुरे होत नाहीत, आणि आत्या जागची हलली नव्हती.

टाळ्या थांबल्या. रिपेका तिच्याकडे बघत उभीच राहिली.

"पोरी, सगळं सांगितलंस," आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. माईकची गरज तिला कधीच नव्हती. "यंत्रांची नावं घेतलीस, गावांची घेतलीस. ज्याच्या उशापासून उठून गेलीस, त्याला नाव नव्हतं का गं?"

रिपेकाचा राग जागच्या जागी विरला. माईक खाली करून ती म्हणाली, "तामाती. माझ्या बाबांचं नाव तामाती."

मग आत्या उठली. तिनं लावलं ते निरोपाचं गाणं होतं, त्या दिवशी भिंतीपलीकडून आलेलं. दुसऱ्या ओळीपासून रिपेकाही गायला लागली.