फॉर्मकाकांची पट्टी

सत्तावीस वर्षांच्या सरकारी नोकरीचा माझ्या डोक्यावर काय परिणाम झाला ते घरचे सांगतीलच. हातावर मात्र नक्की झाला आहे. सहीची रिकामी चौकट दिसली की तो आपोआप उठतो. त्यामुळेच माझ्या लेकीच्या, मुग्धाच्या, नोकरीच्या ऑनलाइन अर्जावर मी माझीच सही चढवली. "तू अभ्यास कर, फॉर्म बाबा भरतो," असं ऐटीत सांगून पांढऱ्या कागदावर झोकदार सही केली, फोटो काढला, अपलोड केला आणि शेवटचं बटण दाबून जेवायला बसलो.

चार दिवसांनी मुग्धाने प्रिंट पाहिली. "बाबा, ये क्या किया?" घाबरली की ती हिंदीत शिरते. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती, आणि मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती. साडेतीन वाजले होते.

"फॉर्मकाका!" मी, बायको आणि मुग्धा, तिघंही एकदमच म्हणालो. राजधानीतल्या आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरपासून ऑटो केली ती थेट मुनिरक्याला.

फॉर्मकाका माझ्याच ऑफिसातल्या आस्थापना विभागातून निवृत्त झालेले. काकू आधीच गेलेल्या. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता यवतमाळला बहिणीकडे जा. "तिथे एवढे फॉर्म कुठे निघतात?" असं म्हणून काकांनी मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. वर, खाली, शेजारी, सगळी परीक्षांची तयारी करणारी पोरं. काका त्यांचे फॉर्म तपासत, आणि माशाने पाण्यात राहावं तसे तिथे राहत.

भरतीची जाहिरात ते शेवटून वाचत. चष्मा कपाळावर, डोळे कागदाला टेकलेले आणि प्रत्येक ओळीखाली एक जुनी स्टीलची पट्टी. "पहिल्या पानावर सरकार बोलावतं," ते म्हणत, "कसं यायचं ते शेवटच्या पानावर सांगतं. आणि तिथवर कोणी जात नाही, यार!"

माझा पराक्रम ऐकून ते हसले नाहीत. पट्टी घेऊन शेवटच्या पानाला बसले. आम्ही उभेच. पट्टी एकेक ओळ वर सरकत होती आणि मुग्धा माझ्याकडे बघत नव्हती. अचानक पट्टी थांबली.

"मिल गया! हे बघ बेटा. एकाहून अधिक अर्ज आल्यास शेवटचा पूर्ण अर्ज ग्राह्य धरला जाईल. चलो, नवा भरायचा!"

मी खुर्ची पुढे ओढली. काकांनी ती अलगद मागे नेली. "सावंतसाहेब, तुम्ही जिन्यात बसा. तुमचा हात फार सरकारी झालाय."

जिन्यात बसून मी आतलं ऐकत होतो. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव काकांनी तिच्याकडून एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतलं. दोनदा. मग साइट अडकली. मग फोटो नापास झाला, मागची भिंत पांढरी हवी म्हणून. शेजारच्या दोन मुली आपल्या पलंगावरची चादर ओढून धावत आल्या आणि दोन टोकं धरून उभ्या राहिल्या. तोवर सगळ्या मजल्याला बातमी लागली होती. "काका, हो गया क्या?" वरून कोणीतरी ओरडलं. "अभी नहीं!" हे मीच ओरडलो, तेवढंच काम माझ्याकडे होतं.

सहाला आठ मिनिटं उरली. मी दारातून डोकावलो. शेवटचं बटण पडद्यावर आलं होतं आणि काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. "काका, तुम्हीच दाबा ना," मुग्धा म्हणाली. "बिल्कुल नाही. नोकरी तू करणार, बटण तू दाबायचं. मी आजवर कोणाचंही दाबलेलं नाही."

तिने दाबलं. चक्र फिरलं, फिरलं, आणि अर्जाचा क्रमांक उमटला! चादर हवेत उडाली. जिन्यात टाळ्या झाल्या. काकांनी डब्यातली जिलबी काढली. निकालाचे पेढे ते कधीच खात नसत. त्यांची जिलबी फॉर्म गेल्याची. "निकाल त्यांच्या हातात. आपल्या हातातलं नीट झालं, त्याचा आनंद आजच करायचा." दोन जिलब्या मलाही मिळाल्या, जिन्यातच.

मुग्धा पास झाली, रुजू झाली. त्याच सुमारास काकांचे गुडघे तीन मजल्यांना कंटाळले आणि त्यांनी यवतमाळचं तिकीट काढलं. स्टेशनवर मुनिरक्यातली इतकी पोरं आली होती की काकांना डब्याचं दार सापडेना. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून ती पट्टी बाहेर काढली. मी हात पुढे केला. त्यांनी ती माझ्या हातावरून पुढे नेऊन मुग्धाच्या हातात ठेवली. "मुनिरक्यात पोरं राहिलीत. रविवारी येत जा," एवढंच म्हणाले. ती अजून दर रविवारी जाते.

स्टेशनवरून घरी येताना ऑटोत मी जरा फुरंगटून म्हणालो, "मला तरी द्यायची. इतक्या वर्षांची ओळख."

बायको हसली. "अहो, त्या फॉर्मवर तुमच्यासाठी एक रकाना होता ना, वडिलांचं नाव? तेवढ्यात मावून बघा की एकदा."