हारातलं मशीन

घोडबंदर रोडवरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटर रुसला की सगळे माझ्याकडे बघतात. दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. कोळीवाड्यातल्या एक मावशी सकाळपासून बाकावर बसून होत्या. लेकीच्या छातीत खंडेनवमीला गाठ लागली होती; तिचा तुकडा तपासायला मुख्य लॅबला गेला होता. रिपोर्ट तयार होता, पण आमच्याकडे उघडेना. अँटिव्हायरस जुना झालेल्या कॉम्प्युटरला मुख्य लॅब दारातूनच परत पाठवते, आणि आमच्या सगळ्याच कॉम्प्युटरवरचा जुना झाला होता.

मला नवल वाटत होतं. नव्या वाय-फायवर इंटरनेट तर व्यवस्थित चालू होतं. रिसेप्शनवरची मुलगी रांगोळ्या बघत बसलेली. मग घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं?

अँटिव्हायरसची सेटिंग उघडली. प्रॉक्सीच्या रकान्यात एका मशीनचा पत्ता भरलेला. म्हणजे अपडेट आणायला हा स्वतः बाहेर जातच नव्हता, त्या मशीनला पाठवत होता. वाय-फायची त्याला गंधवार्ताही नव्हती. पत्ता पुसून पाहिला, तर तो आपोआप परत येई; गाडी हलेना. पण हे मशीन आहे तरी कुठे? मला राहवेना. भिंतीकडेची जुनी नेटवर्कची वायर धरून मी टेबलांखालून रांगत निघालो.

"काय हरवलं रं?" मावशींनी विचारलं.

"एक मशीन शोधतोय, मावशी."

"शोध बाबा. रिकाम्या हातानी घरी जाऊन पोरीला काय सांगू?"

वायर स्टोअररूममध्ये, फ्रीजच्या मागे गेली. तिथे ते होतं, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा वाळलेला हार. खंडेनवमीला आमच्याकडे मायक्रोस्कोपपासून सगळ्यांची पूजा होते, आणि पूजा झालेल्या मशीनला त्या दिवशी कामाला लावायचं नाही, हा डॉक्टरांचा दंडक. बाकीची दुसऱ्या दिवशी चालू झाली. याचं काम काय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून हे तसंच बंद राहिलं. मला हसू आलं, आणि बाकावरच्या मावशी आठवून रागही आला.

बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, अपडेट सरकू लागलं. रिपोर्ट छापून डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, मग पुन्हा वाचला.

"गाठ साधी आहे," ते म्हणाले. "कॅन्सर नाही."

मावशी बाकावरून उठल्या. मग म्हणाल्या, "ती मशीन कंची, मना दाखव."

स्टोअररूमच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, वाकून हात जोडले आणि हारातलं एक वाळकं फूल तोडून पदरात बांधलं.

"पोरीच्या उशाशी ठेवते," त्या म्हणाल्या. "नवमीपासून झोपली नाय ती."