दाढेला घेतलेली

भागुजीची पोरं मोजायची एक तऱ्हा होती. शिनोलीच्या फाट्यावर शाळेच्या व्हॅनचं दार ओढायच्या आधी तो मागं वळायचा आणि हनुवटी हलवत मोजायचा. चौदा भरली की मगच गिअर. घोडेगावच्या शाळेची ही खेप त्यानं एकोणीस वर्षं केली. बापानं लहानपणी विहारात बसवून पंचशील पाठ करून घेतलं होतं. त्यातलं दारूचं शील त्यानं कधी मोडलं नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, त्याला मुळात वासच सोसायचा नाही.

मग दाढ ठणकायला लागली. एका बाजूचा गाल पावासारखा फुगला.

"देशीत कापसाचा बोळा बुडवून धरा दाढंखाली," बायको द्रौपदा म्हणाली. "माजा बाप तेच करायचा. बधिर व्हतंय सगळं."

शेजारच्या सावळेरामकडून तिनं टोपणभर आणली आणि भिजवलेला बोळा गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून दिला. भागुजीनं पोरं शाळेत उतरवली, व्हॅन रिकामी झाल्यावर बोळा दाढेखाली धरला, दाढ बधिर झाल्यावर थुंकला आणि घराकडं निघाला. पाच मिनिटांत रस्त्यावर पोलिसांची तपासणी लागली. दिवसाचे अकरा वाजले होते.

हवालदारानं मशीन तोंडाशी धरलं. "फुंका काका."

भागुजीनं फुंकलं. आकडा आला एकशे ऐंशी. तीसच्या वर गेलं की गुन्हा.

"घेतली का?"

"घेतली थोडी. दाढंला."

हवालदार खो-खो हसला. "कुणी दाढेला घेतं, कुणी पोटाला. जाते एकाच रस्त्यानं!"

"भाऊ, चूळ भरून परत फुंकतो की."

"मशीन काय तुमच्या सासऱ्यानं दिलंय का परत परत फुंकायला?"

ठाण्यात छापील कागद भरला. त्यावर भागुजीनं सही केली. वाचला नाही. गाल बधिर, डोकंही तसंच झालं होतं. दवाखान्यात नेलं ते साडेचारला. डॉक्टरनं रक्त घेतलं नाही. लिहिलं एवढंच, वास नाही, चाल सरळ, बोलणं जड. सुजलेल्या गालानं बोलणं हलकं कसं निघणार?

लायसन गेलं. व्हॅनही गेली. शाळेनं दुसरा माणूस ठेवला. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, पण पाराजवळून जाताना "दाढ कशी काय, राव?" असं विचारून लोक हसायचे. भागुजीला राग यायला पाहिजे होता. आला नाही. दाढ त्यानं काढून टाकली. त्या खड्ड्यात जीभ घालून तो ओट्यावर बसून राही.

वकील सुनील म्हणाला, "कबूल करून टाका. सगळे तेच करतात. एका दिवसात मोकळे."

"मंग पोरं?"

"म्हणजे?"

"कबूल केलं तर शाळा परत व्हॅन दील का?"

सुनीलनं नकारार्थी मान हलवली. भागुजी म्हणाला, "मंग न्हाई कबूल."

दीड वर्ष तारखा पडल्या. शेवटी हवालदार पिंजऱ्यात उभा राहिला.

"गाडी थांबवल्यावर किती वेळानं फुंकायला लावलं?" सुनीलनं विचारलं.

"लगेच."

"चूळ भरू दिली? थांबून दुसऱ्यांदा फुंकवलं?"

"नाही."

"दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला पाहिजे. साडेपाच तास का लागले?"

"गाडी नव्हती."

"मशीन तपासल्याचा दाखला?"

"आणला नाही."

सुनीलनं छापील कागद पुढं धरला. "'मद्य घेतले आहे काय', यापुढं तुम्ही लिहिलंय, 'घेतली'. यांनी तेवढंच सांगितलं होतं?"

हवालदारानं कागद उलटसुलट पाहिला. "दाढेला म्हणाले होते."

"मग 'दाढेला' कुठं गेलं?"

"साहेब, रेघ एवढीशीच आहे. त्यात बसलं नाही."

कोर्टात दोघं-तिघं हसले. भागुजीनं त्या रेघेकडं पाहिलं. करंगळीएवढी होती.

सुनीलनं बजावलं होतं, तुम्हाला विचारलं की नाही म्हणायचं, पुढं एक शब्द नाही. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "तुम्ही दारू घेतली होती का?"

"दाढंला घेतली व्हती."

सुनीलनं डोळे मिटले. मॅडमनी टंकलेखकाला सांगितलं, "दोन्ही शब्द घ्या. आधी 'दाढेला'."

भागुजी निर्दोष सुटला. लायसन परत मिळालं. घरी द्रौपदानं विचारलं, "काय झालं?"

"सुटलो."

"मंग तोंड असं का?"

त्यानं भाकरी मागितली.

नवा माणूस जूनमध्ये पुण्याला निघून गेला, तेव्हा शाळेनं कोर्टाच्या निकालाची प्रत ठेवून घेतली आणि व्हॅनची किल्ली दिली. पहिल्या दिवशी फाट्यावर समृद्धीची आई लेकीचा हात घट्ट धरून उभी होती.

"भागुजीभाऊ, वाईट वाटून घिऊ नका, पण इचारते. खरंच घेतली व्हती का?"

"दाढंला," भागुजी म्हणाला. मग जरा थांबून, "घेतली व्हती."

मग लेकीच्या दप्तराचा पट्टा सरळ करून तिनं तिला आत चढवलं. पलीकडच्या दोन बाया पोरं घेऊन एसटीच्या वाटेला लागल्या.

भागुजी मागं वळला. हनुवटीनं मोजली. अकरा भरली. त्यानं दार ओढलं आणि गिअर टाकला.