घोट्याची पकड

अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर एक वयस्कर कारागीर होते. संध्याकाळचा भोंगा झाला की आम्ही दोघं बुवापाड्याच्या मैदानावर हुतूतू बघायला जात असू. चढाईला आलेल्या गड्याच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत, फक्त घोट्यांकडे बघत. मग त्यांचं ठरलेलं वाक्य येई, “बरा आहे. पण आमच्या वेळच्या गड्यांचा दम याला नाही.” त्यांच्या वेळचा सगळ्यात नावाजलेला चढाईवाला त्यांनी एकट्याने धरला होता, हे आमच्या अख्ख्या खात्याला पाठ होतं.

एकदा कल्याणच्या निर्वासित कॅम्पातला एक सिंधी तरुण खेळायला आला. तीन चढायांत त्याने अर्धा संघ बाद केला. जुनी मंडळी नाकं मुरडू लागली.  यांनी मात्र सदरा काढून माझ्या हातात दिला आणि सरळ मैदानात जाऊन कोपऱ्यात उभे राहिले.

तरुण चढाईला आला. यांनी त्याचा घोटा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. पण त्याने यांना फरफटत नेऊन मधली रेघ गाठली.

“चाचा, लगा तो नहीं?” त्याने यांना उठवत विचारलं.

सोललेलं कोपर झटकत ते माझ्याकडे आले. “आमच्या त्या गड्यापेक्षा हा भारी आहे,” ते म्हणाले.

“तुमचं वय झालंय आता,” मी म्हणालो.

“मी धरला तेव्हा त्याचंही झालं होतं,” सदरा घेत ते म्हणाले. “ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.”