शेवरलेटची ताडपत्री

आश्रुबा गुरुजींना मोटारीचं वेड लागलं ते शाळेतून रिटायर झाल्यावर. माणसं रिटायर झाली की गळ्यात टाळ अडकवतात, नाहीतर पारावर बसून दुसऱ्याच्या सुनांची मापं काढतात. गुरुजींनी माजलगावकडच्या अर्जुनरावांच्या गोठ्यातून एक जुनी शेवरलेट ओढून आणली. अमेरिकेची गाडी. अर्जुनरावांच्या वडलांनी निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आगंमागं घेतलेली. पुढं गाडीला बरे दिवस राहिले नाहीत, अर्जुनरावांनाही नाहीत, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

ट्रॅक्टरच्या मागं दोरीनं बांधून गाडी केजजवळच्या गुरुजींच्या वस्तीवर आली तेव्हा त्यांची बायको केशरबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. घरात गाय येवो, गाडी येवो, ओवाळायचं ते ओवाळायचं. पण कुंकू लावावं म्हटलं तर जिकडं तिकडं गंज. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, त्यातल्या त्यात बरा पत्रा शोधून बोट टेकवलं आणि म्हणाली, "म्हस आणायची तर दुभती आणावी. ही तर भाकड हाय."

तवापासून गाडीचं नाव भाकडच पडलं. अमेरिकेत तिला काय म्हणत असतील ते असो.

गुरुजी काही मिस्त्री नव्हते. पण पुस्तकं मागवून, केजच्या गॅरेजात बसून बसून, चुका करून शिकले. गंजलेले नटबोल्ट, झाकणं ते गुऱ्हाळातल्या खराब काकवीच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. पंधरवड्यानं काढलं की गंज सुटून लोखंड काळंभोर, स्वच्छ निघायचं. परसात त्या पिंपाला आंबूस वास यायचा आणि मुंग्यांची जत्रा भरायची. "माणसाच्या चहाला गूळ पुरंना, आन लोखंडाला काकवी," केशरबाई म्हणायची. पण पिंपावर झाकण कोण ठेवायचं? तीच.

जुनी गाडी पारखायला गुरुजींकडं एक लोहचुंबक होतं. पत्रा कुजला की रंगारी त्यात लांबी भरतात, भिंतीचं भोक लुकणानं बुजवावं तसं, आणि वरून चकचकीत रंग मारतात. डोळ्याला कळत नाही, पण लोहचुंबक लांबीला चिकटत नाही. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून केशरबाईनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची त्याला पिशवी शिवून दिली होती. माजलगावच्या अमरसिंहांना एकदा एक जुनी डॉज गाडी घ्यायची होती. त्यांनी गुरुजींना सोबत नेलं. दरवाज्याला लावलं की लोहचुंबक खाली पडायचं, पुन्हा लावलं की पुन्हा पडायचं. विकणाऱ्यानं शेवटी चहा सांगितला आणि विषय बदलला. तवापासून अमरसिंह गुरुजींना मानायचे.

एक काम मात्र एकट्याचं नव्हतं. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला एकानं गाडीखाली झोपायचं आणि एकानं आत बसून ब्रेकवर पाय द्यायचा. केशरबाई तुरीची डाळ सुपात घेऊन आत बसायची. सूप स्टेअरिंगला टेकवायचं आणि खडे निवडायचे. खालून आवाज यायचा, "दाब." ती दाबायची. "सोड." ती सोडायची. असं तासन् तास चालायचं. कधी खालून आवाजच आला नाही तर ती वाकून म्हणायची, "आवं, निजले काय?"

गेल्या चैत्रात केशरबाई गेली. सकाळी चुलीपुढं बसली आणि तशीच भिंतीला कलंडली. गुरुजी तेव्हा गाडीपाशी होते. वर्ष-दोन वर्षं खटपट करून अडकलेलं इंजिन नुकतंच मोकळं झालं होतं. वरचं झाकण काढलेलं, सहाच्या सहा सिलिंडर उघडे, तेल लावून लखलखीत केलेले. बॉनेट काढून भिंतीला उभं केलेलं. वरून ताडपत्री.

मग माणसं आली. लिंबागणेशवरून केशरबाईच्या बहिणी आल्या, भावजया आल्या. ऊन मरणाचं. अंगणात बसायला सावली नाही. गुरुजींचा पुतण्या सोमनाथ, केजात किराणा दुकान चालवणारा, कर्ता माणूस, त्यानं इकडं तिकडं बघितलं, गाडीवरची ताडपत्री ओढली आणि चार बांबूंवर अंगणात ताणली. पाहुण्यांना सावली झाली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटावं असं त्यात काय होतं?

गुरुजी त्याच ताडपत्रीखाली बसले होते. येणारा यायचा, हात धरायचा, दोन शब्द बोलायचा. गुरुजी मान हलवायचे. दहाव्याच्या आधी एका दुपारी लिंबाच्या शेंड्यामागं आभाळ काळं झालं. गुरुजींनी ते बघितलं. उघडं इंजिन बघितलं. एक शब्द बोलायचा होता, 'सोमनाथ, गाडी झाक.' शब्द तोंडात होता. पण तो बाहेर काढावा असं काही आतून हाललंच नाही. हात मांडीवर होता तो मांडीवर राहिला.

अवकाळी आली, चांगली धोधो आली. बायका ताडपत्रीखाली आणखी दाटून बसल्या. गुरुजी बघत राहिले. सिलिंडर भरले, वरून वाहायला लागले. ताडपत्रीखाली मात्र थेंब पडला नाही.

तेराव्यानंतर सोमनाथनं ताडपत्री परत गाडीवर टाकली, चारी कोपरे दगडानं दाबले. ती गुरुजींनी नंतर उचलली नाही. जेवायचं, निजायचं, दारात बसायचं. लोक म्हणायचे, गुरुजी रडले न्हाईत, लई खंबीर माणूस. खंबीर कसला. घराला कुलूप लावलं की बाहेरून घर धडच दिसतं.

दिवाळीनंतर अमरसिंह आले. रस्त्यावर त्यांनी हॉटेल काढलं होतं. हॉटेलापुढं ही शेवरलेट उभी करायची होती, लाल रंग देऊन, वर दिव्यांच्या माळा सोडून. गुरुजी 'बरं' म्हणाले. मनात काही आलं नाही, म्हणून 'बरं' म्हणाले.

ताडपत्री काढली. गुरुजींनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि आपलीच गाडी परक्याची असल्यागत दाखवायला लागले. "हितं मी लांबी भरलीय. हा दरवाजा खालून कुजका हाय. हे मडगार्ड अस्सल."

"गुरुजी, विकणारा असा बोलतो का?" अमरसिंह हसले. "आन इंजिन?"

"जाम हाय. गंजलं."

"तुमच्या हातचं इंजिन? झाकलं नव्हतं?"

"ताडपत्री दुसरीकडं लागली व्हती."

सोमनाथ शेजारीच उभा होता. त्यानं गाडीकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं, आणि त्याचं तोंड उतरलं.

"काका, ती मी काढली व्हती," तो हळू बोलला. "तुमी तिथंच व्हते. बोलले कावून न्हाई?"

गुरुजींनी लोहचुंबकाची पिशवी बोटावर फिरवली. "ती असती तर तिनंच काढून दिली असती. पाहुणे उन्हात आन भाकड सावलीला, हे तिला चाललं नसतं."

अमरसिंहांनी खाकरून विषय पुढं नेला. "इंजिन काढून भंगारात टाकू. मला नुसती उभी करायची हाय. ट्रॅक्टर बोलावलाय. दोरी लावून न्यायची म्हणजे ब्रेक तेवढा धरला पाहिजे."

"बघतो," म्हणून गुरुजी पाना घेऊन गाडीखाली शिरले. पाठीला ओली माती लागली. चाकामागची हवा काढायची चावी सैल केली आणि सवयीनं म्हणाले, "दाब."

वर कुणी नव्हतं.

अमरसिंहांनी सोमनाथकडं बघितलं. सोमनाथला काय करावं कळंना. खालून पुन्हा, तितक्याच साध्या आवाजात, "दाब."

मग आवाज आला नाही. दोन पाय बाहेर दिसत होते, ते हालेनात. अमरसिंहांना भ्या वाटलं. ते वाकून बघणार, तेवढ्यात गुरुजी सरपटत बाहेर आले. डोळे कोरडेच होते. हात पुसले, पाना जागेवर ठेवला.

"अमरसिंह, गाडी द्यायची न्हाई."

"ब्रेक धरत नसंल तर टेम्पोत घालून नेऊ की."

"ब्रेकचं न्हाई." गुरुजींनी ताडपत्रीचं टोक हातात घेतलं. "न्हाई द्यायची."

अमरसिंह जाणते होते. घासाघीस केली नाही. चहा घेतला, अर्ध्या वाटंतला ट्रॅक्टर फोन करून माघारी फिरवला आणि गेले.

आता जाम सुटावा म्हणून गुरुजी रोज सकाळी सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओततात, पुढून हँडल घालून जोर लावतात. हँडल हालत नाही. "आज न्हाई," म्हणतात आणि ताडपत्री घालतात. ताडपत्रीला चार कोपऱ्यांत बांबूची भोकं पडलीत, तिथं सोमनाथनं ठिगळं लावून आणली. जेवण तसंच, झोप तशीच. कुणी म्हणावं गुरुजी सावरले, तर तसंही नाही.

परवा संध्याकाळी सोमनाथ दुकान बंद करून आला. गुरुजी गाडीखाली होते. त्यानं चपला काढल्या, आत जाऊन बसला. ब्रेकवर पाय ठेवला.

"काका, दाबू का?"

खालून पाना खडखडला. मग आवाज आला.

"थांब. सांगतो."